खोक्यावरचे दोन इंच

पिकअप थोडी उचलली की लगेच शॉकअपचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे तयारच असतं. गाडी दोन इंच वर गेली ना, मग शॉकअपही दोन इंच लांब घ्या. जमतील तेवढे कडक घ्या. आणि खिशाला झेपत असेल तर बाजूला नळकांडं लावलेले रिझर्व्हॉयरवाले घ्या, म्हणजे पुन्हा बघायला नको. ॲक्सेसरीच्या दुकानात काउंटरवर हेच ऐकू येतं. ताम्हिणीच्या टपरीवर चहा पिता पिता व्ही-क्रॉसवाला हायलक्सवाल्याला हेच सांगत असतो. सांगणारे लबाड असतात असं नाही. बरेचजण मनापासून सांगतात, कारण स्वतःचा पैसा त्यांनी त्यातच घातलेला असतो. आणि एवढा पैसा घातलेला माणूस ‘फसलो’ म्हणत नाही, तो दुसऱ्यालाही तेच घ्यायला लावतो. सल्ला पसरतो तो असा.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. चाळीस-पन्नास मिलिमीटर उचललेल्या गाडीचा शॉकअप ठरतो तो गाडीखाली शिरून टेपने घेतलेल्या मापांवरून आणि गाडीत रोज असणाऱ्या वजनावरून. कंपनी, रंग, नळकांडं, खोक्यावर छापलेलं ‘२ इंच लिफ्ट’, हे सगळं त्यानंतर.

आधी एक जुना गैरसमज निकालात काढू. गाडीचं ओझं मागे पाटे पेलतात, पुढे कॉइल स्प्रिंग. शॉकअप ओझं पेलत नाही. पिस्टनच्या छिद्रांमधून तेल ढकलत तो स्प्रिंगची हालचाल आवरतो आणि त्या हालचालीची उष्णता करतो, बस्स. नायट्रोजन भरलेला मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, आपला रॉड थोडा बाहेर ढकलतो हे खरं. पण १४ मिलिमीटरचा रॉड आणि २०० पीएसआयचा दाब धरून हिशेब केला तर हे ढकलणं साधारण २२ किलोंच्या आसपास भरतं. दोन टनांच्या घरातल्या गाडीला त्याने काय फरक पडणार? तेव्हा ‘मागचे शॉकअप बदला, बसलेली गाडी उठेल’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून हवा भरून घ्यायची, शॉकअप नाही.

आता लांबी. ‘गाडी दोन इंच वर म्हणून शॉकअप दोन इंच लांब’ हे ऐकायला इतकं सरळ आहे की कोणी पुढे विचारच करत नाही. विचार करून पाहा. खड्ड्यात आदळून एक्सल पूर्ण वर येतो तेव्हा तो बंप स्टॉपच्या रबराला टेकतो. गाडी उचलण्याआधी तो जिथे टेकत होता तिथेच उचलल्यावरही टेकतो. पाटे जास्त कमानीचे घातलेत, शॅकल लांब लावली, काहीही केलंत तरी चेसिसवरचं ते रबर आणि एक्सलवरची त्याची बैठक जागची हललेली नाही. म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त किती मिटावा लागतो हे माप गाडी उचलून बदलत नाही. बदलतं ते फक्त खाली लोंबण्याच्या बाजूचं.

आणि लांब शॉकअप मिटल्यावरही लांबच असतो. रॉड आत मावायला तेवढी नळी लागते. एकाच बांधणीचा शॉकअप उघडल्यावर ५० मिलिमीटर लांब हवा असेल तर त्यातले निम्मे रॉडच्या धावेला मिळतात, निम्मे नळीला. मिटलेल्या अवस्थेत तो पहिल्यापेक्षा २५ मिलिमीटर मोठा भरतो. दुकानदार सांगत नाही ते हे २५ मिलिमीटर.

आकडे घालून बघू. समजा मागच्या शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर गाडी मूळ उंचीवर असताना ४७० मिलिमीटर होतं, उचलल्यावर ५२० झालं. उभ्या गाडीत बंप स्टॉप आणि त्याची बैठक यांच्यात १२० मिलिमीटरची फट आहे, आणि दणका बसला की रबर आणखी २० दबतं. ५२० मधून हे १४० गेले, उरले ३८०. या गाडीत शॉकअप ३८० पर्यंत मिटायलाच हवा. कंपनीचा मूळ शॉकअप उघडून ५६०, मिटून ३६५. तो खालच्या टोकाला अजूनही चालतो. आता त्याच बांधणीचा ‘दोन इंच लांब’ आणा: उघडून ६१०, मिटून ३९०. रबर पुरतं दबण्याआधी दहा मिलिमीटर राहिलेत आणि शॉकअप आतून संपला. लोखंडावर लोखंड. पिस्टन, तळाचा व्हॉल्व्ह, चेसिसवरचा ब्रॅकेट, यांपैकी सर्वांत कच्चं जे असेल ते आधी जातं. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या जाडीएवढं अंतर, पण भरल्या हौद्यानिशी वरंधा घाटातल्या एखाद्या खड्ड्यात ते पुरेसं होतं.

दुसऱ्या टोकालाही गंमत आहे. शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, चेसिस स्टँडवर ठेवा, एक्सल जॅकवर सावकाश खाली सोडा आणि एका डोळ्याने ब्रेकच्या रबरी पाइपावर लक्ष ठेवा. आपल्या काल्पनिक गाडीत तो पाइप शॉकअपच्या मापात ६०० ला ताणला जातो असं धरू. ६१० चा शॉकअप लावलात तर चाक खाली लोंबताना एक्सलला अडवणारी वस्तू कोणती? ब्रेकचा पाइप. एबीएसची वायर त्याच्याही आधी तुटू शकते. या गाडीला हवा असलेला शॉकअप उघडून ५८५ च्या आसपास आणि मिटून ३७० च्या आत, म्हणजे मूळच्यापेक्षा जेमतेम एक इंच लांब. खोक्यावर त्याला काय म्हटलंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

हे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत. तुमचे वेगळे येतील. पाट्यांखाली ब्लॉक घातलेली गाडी असेल किंवा बंप स्टॉप लांब केलेले असतील तर बरेच वेगळे. म्हणून तर टेप काढायची.

पुढच्या बाजूला ‘दोन इंच लांब’ हा सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे. व्ही-क्रॉस काय, हायलक्स काय, पुढे डबल विशबोन आहे. स्प्रिंगसकट असलेला स्ट्रट खालच्या आर्मच्या मधल्या भागावर बसतो, चाक त्याच्या बरंच बाहेर. त्यामुळे स्ट्रट एक इंच हलला की चाक दोन इंचांच्या आसपास हलतं. चाकाशी दोन इंच हवेत म्हणून स्ट्रटच दोन इंच लांब घातला तर पुढचं चाक लोंबताना ड्राइव्ह शाफ्टचे सांधे नको त्या कोनात जातात आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडतो. स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घालणारे तर गल्लोगल्ली आहेत. स्वस्तात काम होतं, गाडी दिमाखात उभी राहते, पण चाक वर येताना मूळ स्ट्रट त्याच २५ मिलिमीटरने आधी संपतो. स्प्रिंगची बैठक वर सरकवून उंची मिळवली तर हा धोका टळतो. मात्र स्ट्रट उभ्या गाडीतच बराचसा उघडलेला राहतो आणि गतिरोधकावरून उतरताना ‘टक्’ आवाज येतो. पुढे बरा मार्ग म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर लांब स्ट्रट, त्यावर वजनाला जुळणारी स्प्रिंग, आणि त्यानंतर न चुकता अलाइनमेंट, कारण उंची वाढली की कॅस्टर कमी होतो आणि स्टीअरिंग सरळ राहायचं विसरतं.

आता कडकपणा. कडक म्हणजे दणकट, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट आहे की शॉकअप दाबून बघून तो दबला नाही की गिऱ्हाईक खूश होतं. हाताने दाबून शॉकअपबद्दल काहीही कळत नाही. त्याचा विरोध वेगावर अवलंबून असतो, आणि हाताचा वेग खड्ड्याच्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

उचललेल्या गाडीला किती जास्त डॅम्पिंग लागतं याचा हिशेब इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला येतो: लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगचा ताठपणा आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. स्प्रिंग २० टक्के ताठ घातली तर डॅम्पिंग साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढायला हवं. वजनही १० टक्के वाढवलं तर पंधराएक टक्के. आणि नुसती उंची वाढवली, स्प्रिंगचा ताठपणा तोच ठेवला, वजन तेच, तर? तर काहीच नाही. पंधरा टक्क्यांच्या गरजेला लोक दुपटीचा शॉकअप घालतात आणि मग पाठीला पट्टा बांधून फिरतात.

अति कडक रिबाउंडचा, म्हणजे शॉकअप उघडतानाच्या विरोधाचा, एक परिणाम तर मला फारच मजेशीर वाटतो. चाक खड्ड्यातून वर आलं की त्याला परत खाली जायचं असतं. रिबाउंड फार कडक असेल तर ते पुरतं खाली जायच्या आत पुढचा खड्डा येतो. चाक आणखी वर दाबलं जातं. मग पुढचा खड्डा. असं करत करत गाडी स्वतःवरच बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आपटत चालते. ज्या दोन इंचांसाठी एवढा पैसा मोजला ते दोन इंच नेमके खराब रस्त्यावर गायब! आणि मालक म्हणतो, ‘अजून कडक बघू का?’

पाट्यांच्या गाडीत यात आणखी एक गोष्ट मिळते. पाटे एकमेकांवर घासतात, आणि हे घर्षण स्वतःच थोडंफार शॉकअपचं काम करतं. नवीन, जाड पाट्यांचा संच घातला की लहान खड्ड्यांवर मागची बाजू आधीच अडखळत असते. त्यावर कडक शॉकअप म्हणजे रिकामा हौदा घेऊन सातारा रस्त्याला लागलेली गाडी प्रत्येक जोडावर उडणार.

इथे वजनाचा विषय येतो, आणि मला वाटतं सगळा गोंधळ खरा इथलाच आहे. आपल्याकडे येणारे बरेचसे संच ऑस्ट्रेलियन आहेत: ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स. तिथला पिकअपवाला हौद्यावर कॅनपी लावतो, आत ड्रॉवर, फ्रिज, पाण्याची टाकी, पुढे लोखंडी बंपर, आणि हे सगळं वर्षभर गाडीत असतं. म्हणून तिथे मागचे पाटे ‘सतत ३०० किलो’, ‘सतत ५०० किलो’ अशा वर्गांत विकले जातात, आणि शॉकअपचं व्हॉल्व्हिंगही त्याच हिशेबाने केलेलं असतं. तो पद्धतशीर बाजार आहे. त्यात खोट काही नाही. खोट आपल्या काउंटरवर होते, जिथे ‘कितीचा लोड असतो साहेब?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. हौद्यात सोमवार ते शुक्रवार एक स्टेपनी आणि छत्री घेऊन हिंजवडीला जाणारा माणूस ५०० किलोंचे पाटे आणि त्याला साजेसे शॉकअप घालून घरी येतो, कारण ‘हेवी ड्यूटी’ लिहिलं होतं. उलट बाजूची चूकही होते: पुढे लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभर किलोंच्या घरात वजन वाढवायचं आणि स्ट्रटची स्प्रिंग मूळची ठेवायची. मग नाक खाली जातं, आणि शिव्या शॉकअपला.

आता नळकांड्याकडे येऊ. मोनोट्यूब शॉकअप चांगला असतो यात वाद नाही. बिल्स्टाइनने तो मर्सिडीजला १९५७ मध्ये पुरवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून तेल-वायू वेगळे ठेवण्याची ही युक्ती टिकून आहे. तेलात बुडबुडे होत नाहीत, उष्णता थेट बाहेरच्या नळीतून जाते. बाहेरचा रिझर्व्हॉयर म्हणजे आणखी तेल, आणखी वायू, आणि तेवढ्याच लांबीत जास्त धाव. स्पीतीच्या किंवा झंस्करच्या पन्हाळी रस्त्यावर लादलेली गाडी तासन्‌तास पळवायची असेल तर त्याचे पैसे वसूल होतात. समोरच्या बाजूचं एवढं म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो.

पण शॉकअपचं तेल तापून पातळ व्हायला सतत वेगाची हालचाल लागते. आपल्या घाटात, कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर, मुळशीच्या आतल्या गावात ती कुठून येणार? तिथे वेग वीस-तीसचा, खड्डे अधूनमधून, आणि दगड मात्र भरपूर. दगडाच्या बाबतीत मोनोट्यूबची एक दुखरी बाजू आहे. त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीच्या आत फिरतो. नळीला दगड लागून पोचा आला की पिस्टन तिथे अडतो आणि शॉकअप कामातून जातो. ट्विन-ट्यूबमध्ये पिस्टन आतल्या नळीत असतो. बाहेरच्या नळीला बऱ्यापैकी पोचा आला तरी तो आपला चालत राहतो. ओल्ड मॅन इमूचा नायट्रोचार्जर ट्विन-ट्यूबच आहे, आणि तो काही शहरातल्या फेरफटक्यासाठी बनवलेला नाही. आपल्याकडे ट्विन-ट्यूब म्हटलं की नाक मुरडायची पद्धत पडलीय. मुलुंडला १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे शॉकअप आपल्या वडिलांच्या पिढीच्या गाड्यांखाली होते, म्हणून ती जुनाट वस्तू, असं काहीसं. शिवाय रिझर्व्हॉयरवाल्याचं सील गेलं तर ते बदलून नायट्रोजन भरून देणारा कारागीर तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे आधी विचारा. नसेल तर शॉकअप कुरियरने जाणार आणि गाडी दारात उभी राहणार.

नॉब असलेल्यांचं वेगळंच असतं. रांचोच्या आरएस९०००एक्सएलला नऊ पायऱ्या आहेत. चांगली सोय आहे, हौदा भरला की चढवा, रिकामा झाला की उतरवा. मला भेटलेले मालक मात्र नऊवरच असतात. पैसे नऊचे भरलेत ना.

दुसऱ्या टोकाला ‘कंपनीचेच राहू द्या, काही होत नाही’ म्हणणारे आहेत. त्यांचं अर्धं बरोबर आहे, कारण वर दिलेल्या हिशेबात मिटण्याच्या बाजूला मूळ शॉकअप चालतोच. पण उघडण्याच्या बाजूला त्याच्याकडे आधी ९० मिलिमीटर होते, आता ४० उरले. म्हणजे चाक जरा खाली गेलं की शॉकअप आतल्या टोकावर अडतो, रोज, प्रत्येक गतिरोधकावर. आठ-दहा महिन्यांत रॉडभोवती तेलकट धूळ धरलेली दिसते. ही बचत नव्हे, उधारी आहे.

कायद्याचं एक वाक्य सांगायला हवं, कारण शॉकअपवाले ते सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती. उंची वाढवणं हा वेगळा विषय. तो निर्णय ज्याने त्याने विम्याचे कागद समोर ठेवून घ्यावा.

‘एवढं मोजत कोण बसतं?’ हा शेवटचा आक्षेप मी नेहमी ऐकतो. एक दुपार लागते. मागची तीन मापं घ्यायची: उभ्या गाडीतलं, बंप स्टॉपचं, लोंबल्यावरचं. गाडीची उंची जमिनीपासून मोजायची नाही, टायर आणि हवेप्रमाणे ती बदलते. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची. मग दुकानात जाऊन दोनच गोष्टी विचारायच्या: उघडल्यावर किती, मिटल्यावर किती. उत्तर ‘दोन इंच लिफ्टचा आहे साहेब, बिनधास्त बसवा’ असं आलं तर पुढचं दुकान. बसवल्यावर रॉड उघडा दिसत असेल तर त्याच्यावर एक प्लास्टिकची केबल टाय आवळा आणि नळीपर्यंत सरकवून ठेवा. नेहमीच्या वाईट रस्त्यावर, नेहमीच्या वजनानिशी जाऊन या. टाय जिथे ढकलली जाऊन थांबलीय तिथपर्यंत शॉकअप मिटला होता. ती दर वेळी शेवटालाच सापडली तर शॉकअप मऊ आहे किंवा स्प्रिंग कमजोर; खड्डे खाऊन आल्यावरही जेमतेम हललेली असेल तर तुम्ही गरजेपेक्षा कडक माल घेतलाय.

आणि बसवताना स्वतः उभे राहा. बहुतेक गॅरेजांत गाडी लिफ्टवर असतानाच, चाकं लोंबत असतानाच, शॉकअपचे बोल्ट इम्पॅक्ट गनने करकचून आवळतात. रबरी बुश त्या लोंबलेल्या कोनात जखडतो. गाडी खाली उतरली की तो पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी नुसते हाताने धरायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची, मग खाली शिरून आवळायचे. मेकॅनिक कुरकुरेल, कारण खाली शिरायला जागा कमी असते. तुमची गाडी दोन इंच उचललेली आहे, जागा पुरते.